काटकोनांची वाकडी मूठ

आमच्या साडूंना कारखान्यात कुणीतरी ‘काटकोन’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चालत चालत घरापर्यंत आलं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीनं, ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "चला, सुटले. मला वाटलं होतं, लोक ‘कटकट’ म्हणत असतील."

साडू सुतार, पण दारं-खिडक्या करणारे सुतार नव्हेत. ओतीव लोखंडाच्या कारखान्यात ते लाकडाचे नमुने करायचे. म्हणजे असं, की लोखंडाचं चाक ओतायचं असेल तर आधी तसंच चाक लाकडात करायचं, ते ओल्या वाळूत दाबायचं, अलगद उचलायचं आणि मागे राहिलेल्या खळग्यात रस ओतायचा. लाकडात केसाएवढी चूक राहिली, की जितकी चाकं ओतली जातील तितक्या वेळा तीच चूक लोखंडातून दात विचकते. असल्या कामात जन्म घालवलेला माणूस. डोक्यात पाणसळ घेऊनच फिरायचे. न्हाव्याकडे गेले की शेजारच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा डावा कल्ला खाली आहे हे न्हाव्याला सांगायचे, आणि तो कल्ला सारखा होईपर्यंत स्वतःची दाढी करून घ्यायचे नाहीत.

आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा हात धुऊन येता येता त्यांची नजर भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाकडे गेली. माझ्या वडिलांचं घड्याळ. ते उजवीकडे जरासं कललेलं असायचं. काटकोनांनी खुर्ची ओढली, वर चढले, एक डोळा मिटला आणि घड्याळ ओळंब्यात आणलं. "आता कसं!" म्हणून खाली उतरले. जेवण होईपर्यंत घड्याळ बंद. त्या घड्याळाचं असं होतं, की ते वाकडं असलं तरच चालायचं. दुसऱ्या दिवशी आमच्या हिनं त्याला एक टप्पल देऊन पुन्हा वाकडं केलं, की लागलं टकटक करायला. मी हे साडूंना सांगितलं.

"मग ते बिघडलेलं आहे," ते म्हणाले.

"अहो, वेळ बरोबर दाखवतं."

"दाखवू दे. बिघडलेलंच आहे."

आता अशा माणसापुढे कोण बोलणार? पालथ्या घड्यावर पाणी. पण मनानं इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही, हेही सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी त्यांच्यावर रागवायला नको.

आमच्या या मेव्हणीला सगळे अक्का म्हणतात. मीही तेच म्हणतो. अक्का एका मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात होती. रोग्यांचं जेवण म्हणजे तिखट नाही, तेल नाही, मीठ चिमटीनं; पण तिच्या हातचं खाऊन घरी जाणारे लोक पुढे मुद्दाम भेटायला यायचे. ती चिरायला बसली की चाकू दिसायचाच नाही, नुसता आवाज ऐकू यायचा. एकदा तिथल्या मुकादमानं विचारलं, "बाई, हात कापत नाही का हो?" अक्का म्हणाली, "कापतो की. पण मग त्या दिवशी माझ्याऐवजी तुम्ही चिराल, म्हणून जपते."

नोकरी संपली आणि वर्षा-दोन वर्षांत तिच्या उजव्या हातानं संप पुकारला. सांधे सुजले, आणि मागची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, पुरती मिटेनात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तेल दिलं, मुठीत धरून दाबायला एक रबरी चेंडू दिला. चेंडू शेजारच्यांच्या मांजरानं पळवला. "त्याचे पंजे बघा आता कसे मजबूत होतील," अक्का म्हणाली. हसण्यावारी न्यायची तिची पद्धत. पण ती कुठे हसते आणि कुठे दुखणं झाकते, हे तिच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या हिला, बरोबर कळायचं.

त्यांचा मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला. तो आला होता तेव्हा बटाटा सोलताना अक्काच्या हातातून चाकू निसटला आणि तिच्या पावलाशेजारी टोकावर पडला. पोरगा पांढराफटक झाला. "आई, आता पुरे. आपण डबा लावू. मी पुढच्या खेपेला येतो तेव्हा डबेवाल्या बाईंशी बोलूनच जातो." त्याचं चुकत नव्हतं. त्यानं पाहिलं ते मी पाहिलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. अक्का त्याच्यासमोर "बरं" म्हणाली. नंतर आमच्याकडे येऊन हिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "धाकटे, ज्या दिवशी त्या घरात बाहेरून डबा आला, त्या दिवसापासून मी तिथं पाहुणी गं." आणि पदरानं चष्मा पुसत बसली. चष्मा स्वच्छ होता.

त्याच सुमारास या दोघी बहिणींच्या भावानं आपली भट्टी बंद केली. हा आमचा मेव्हणा लोहार. खांदा निकामी झाला, घण उचलेना. ऐरणीला गिऱ्हाईक आलं तेव्हा तिच्यावरून हात फिरवून म्हणाला, "जा बाई, चांगलं सासर मिळालंय." पण भट्टी विझवण्याआधी त्यानं एक शेवटचं पातं केलं, अक्कासाठी. ट्रकच्या मोडक्या कमानपाट्याचं पोलाद, ठोकून ठोकून पातळ केलेलं. पुढे पातं आणि मागे मुठीत जाणारी चपटी शेपटी. शेपटीला रिव्हेटांची दोन भोकं. मूठ नाही.

"अक्का, धार अशी दिलीय, की कांद्याला कळायच्या आत तो चिरलेला असेल," मेव्हणा म्हणाला. "पाणी नीट बसलंय. पण मूठ दाजींनीच बसवायची. माझं काम विस्तवाचं, लाकडाचं नाही. आणि दाजी, हे एकच आहे हां. बिघडलं तर दुसरं करायला ना भट्टी राहिली ना खांदा."

पोलाद लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की त्याला कडकपणा येतो, त्याला लोहार पाणी देणं म्हणतात. पुन्हा फार तापलं की पाणी उतरतं, आणि मग ते पातं राहत नाही, पत्रा होतो. हे पुढे लागणार आहे, म्हणून सांगून ठेवलं.

काटकोनांना जणू पुन्हा नोकरी लागली. मागच्या खोलीतल्या बाकावरची वर्तमानपत्रं हलली, कानशी बाहेर आल्या, शिकंज्याला तेल मिळालं. माप घ्यायला त्यांनी अक्काचा जुना चाकू मागितला. त्याची मूठ काही दिसत नव्हती, कारण तिच्यावर साडीच्या काठाच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, वर दोरा, त्यावर आणखी एक चिंधी. सगळं हळदीनं आणि पाण्यानं काळपट झालेलं.

"हे काय गं? चाकूला जखम झालीय का?"

"असू द्या हो ते. हाताला बरं वाटतं."

"आता बरंच वाटणार आहे," असं म्हणून त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरून त्या चिंध्या सोडवल्या, केराच्या टोपलीत टाकल्या आणि हात साबणानं धुतले. मी तिथंच चहा पीत होतो. अक्कानं टोपलीकडे एकदा पाहिलं. मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथं दिवाळखोराला गुप्तधन सापडावं तसा आनंद होता.

उघड्या मुठीचं माप झालं. मग त्यांनी कागदावर अक्काचा पंजा सपाट ठेवायला लावला आणि पेन्सिलीनं भोवतीनं रेघ मारली. बोटं नीट टेकेनात, तेव्हा वरून हलकेच दाबली. तो कागद भिंतीला टाचला आणि कामाला लागले.

जुन्या पलंगाचा एक शिसवी पाय त्यांनी माळ्यावर जपून ठेवला होता. त्याच्या दोन फळ्या कापल्या, अगदी जुळ्या. पात्याला जाड कापडाचं बासन घातलं, म्हणजे धार कुणाला लागायला नको आणि धारेला कुणी. शेपटीच्या भोकांवरून फळ्यांत भोकं पाडली, पितळेच्या सळईचे तुकडे आरपार घातले, दोन नळ्यांतला गोंद मिसळून लावला, आणि सगळं शिकंज्यात आवळून झोपवलं. आवळून झाल्यावरही खोलीत पावलं न वाजवता चालत होते. नंतर पितळेची टोकं हलक्या हातोडीनं फुलवली, कानस, मग पॉलिश पेपर खडबडीत, मग मऊ, मग त्याहून मऊ. शेवटी जवसाचं तेल. मूठ अशी झाली, की लाकूड कुठे संपतं आणि पोलाद कुठे सुरू होतं ते नखाला कळेना. डावी बाजू आणि उजवी बाजू आरशात पाहावं तशी. मी म्हटलं, "साडूभाऊ, हा चाकू भाजीला नको, दिवाणखान्यात लावा."

अक्कानं तो हातात घेतला. "छान झालाय," म्हणाली. आमच्यासमोर एक कांदाही चिरला, सावकाश. काटकोन कांद्याकडे बघतच नव्हते, मुठीकडे बघत होते.

मग काही दिवस मी गेलो की एकच विषय. पॉलिश टिकलंय, पितळ काळं पडलं नाही, आता येऊ दे पोरग्याला. आणि अक्का? ती आमच्या हिच्याकडे येऊन जास्त बसायला लागली. मला वाटलं, हाताला आराम पडला असेल. उंटावरचा शहाणा मी.

एका दुपारी अक्का अशीच आमच्याकडे गेलेली, आणि मी साडूंकडे. बहिणी एका घरात, साडू दुसऱ्या, अशी आम्ही घरं वाटून घ्यायचो. चहा मीच करतो म्हणत ते स्वयंपाकघरात शिरले, गॅसवर पाणी ठेवून वळले आणि तिथंच थांबले. फळीवर डबे ओळीनं होते. तांदळाच्या डब्याचं झाकण एका बाजूला उचललेलं होतं. जास्त नाही, बोटाच्या पेराएवढंही नाही. तुम्हा-आम्हाला ते जन्मात दिसलं नसतं. काटकोनांनी ते दाबलं. बसेना. उघडलं.

आत तांदळात जुना चाकू खोचलेला होता. मुठीवर नव्या चिंध्या, वर दोरा, पुन्हा चिंधी.

भांड्यातलं पाणी उकळत राहिलं. मी पुढे होऊन गॅस बंद केला. ते स्टुलावर बसले.

"माझ्यासमोर माझा चाकू," ते म्हणाले, "आणि मी फिरायला गेलो की हा."

बायकोनं दागिना लपवला तर माणूस भांडतो. भीतीनं सत्य लपवलं तर रडतो. पण आपलं मन राखायला तिनं भाजी चोरून चिरली, याचं काय करायचं ते मलाही कळेना.

त्यांनी तो चाकू हातात घेऊन बघितला. हातात बसेना. मधेच फुगीर, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. ते चिडून खाली ठेवणार, इतक्यात थांबले. आडवा धरला, डोळ्यांसमोर आणला, एक डोळा मिटला. कारखान्यात नमुना तपासताना बघत असतील, तसं. मग अंगठ्यानं चिंधीचा प्रत्येक फुगवटा चाचपला, पुन्हा पुन्हा.

"साडूभाऊ," ते हळूच म्हणाले, "ही चिंधी नाहीये. हा नमुना आहे."

"म्हणजे?"

"हे बघा. करंगळीखाली सगळ्यात जाड. तिची ती दोन बोटं मिटत नाहीत ना, मग बोटं मुठीपर्यंत जात नाहीत, तर तिनं मूठच बोटांपर्यंत आणलीय. वर अंगठ्याशी सपाट, तिथून ती जोर देते. थोडी थोडी चिंधी वाढवत, रोज वापरून बघत, तिनं हे केलंय. आणि मी ते सोडवून टोपलीत टाकलं. आणि हात धुतले!" ते हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाले, "ओतलेलं लोखंड निवताना आकसतं, म्हणून आम्ही लाकडी नमुना मुद्दाम मोठा करतो. जन्मभर केला. लोखंड आकसतं हे धरलं मी. हिचा हात आकसला ते धरलंच नाही. उघड्या पंजाचं माप घेतलं. सपाट पंजानं कुणी चिरतं का हो?"

तेवढ्यात अक्का दारात. तिनं स्टुलावरचा नवरा पाहिला, उघडा डबा पाहिला, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मीच चुगली केली.

"भावोजी, तुम्ही तरी..."

"झाकणानं सांगितलं," मी म्हटलं.

"का नाही बोललीस?" काटकोनांनी विचारलं.

"तुम्ही इतक्या हौसेनं केलात. मी काय म्हणणार होते?"

"टोचतो म्हणायचंस."

"मग तुम्ही दुसरी मूठ केली असती. तीही सरळच." हे ती हसत म्हणाली; पण पुढचं हसत म्हणाली नाही. "तुमच्या मुठीत माझा हात घसरतो हो. काल दोनदा घसरला. आणि पोरगा रविवारी यायचाय."

काटकोन उठले, मागच्या खोलीत गेले आणि भिंतीवरचा पंजाचा कागद काढून त्याची चौकोनी घडी केली. घडी मात्र कोपऱ्याला कोपरा लावून.

आता आधीची मूठ काढायची. मी आपला सल्ला दिला, की गरम करा, गोंद सुटेल. नेमका मेव्हणा आलेला होता, तो किंचाळलाच. "तापवायचं नाव काढू नका! पाणी उतरलं तर अक्काच्या हातात पत्रा येईल. गारच काढा."

गार काढायची म्हणजे तोडायचीच. काटकोनांनी पात्याला ओलं फडकं गुंडाळलं, फुलवलेली पितळं बारीक गिरमिटानं कोरून काढली. मधेमधे थांबून बोट लावायचे, ऊब आली की पुन्हा ओलं फडकं. एकदा गिरमिट सटकलं आणि पात्यावर एक बारीक ओरखडा उठला. मग पटाशी लावली आणि ते जवसाचं तेल पाजलेलं शिसव सालीसारखं उडवायला सुरुवात केली. मेव्हणा माझ्या कानात म्हणाला, "स्वतःच्या हातानं केलेलं तोडायला खांदा लागत नाही, छाती लागते."

उरलेल्या शिसवातून नव्या दोन फळ्या कापल्या. एक जाड, एक पातळ. नुसतं ते बघूनच काटकोनांना कसंसं होत होतं. चिंधीच्या मुठीची जाडी कॅलिपरनं जागोजाग मोजली, तशी खूण लाकडावर केली आणि कानस चालवली. पण हाताला सवय वाईट! जरा लक्ष उडालं की कानस आपोआप सरळ चालायची, फुगवटा खाऊन टाकायला बघायची. मग ते स्वतःलाच "हां, हां!" करून दटावायचे.

"दाजी," मेव्हणा दारातून म्हणाला, "तुमच्या हातून वाकडं काम होतंय, गावात दवंडी देऊ का?"

"तू तिथं उभा राहून उजेड अडवतोयस, तेवढं आधी सरळ कर."

या खेपेला फळ्या गोंदानं चिकटवण्याआधी नुसत्या सळयांवर अडकवून बघितल्या. आणि अक्काला हाक मारली. आधीच्या वेळी एकदाही मारली नव्हती. कारखान्यात लोखंडाला कोण विचारतं? अक्का पीठ मळायचं सोडून यायची, हात पुसायची, मूठ धरायची. "इथं टोचतंय." कानस. "आता?" "इथं अजून भर हवी होती, तुम्ही खाल्लीत." मग दुसरा तुकडा, पुन्हा सुरुवात. एकदा ती कोरड्या हातानं धरून म्हणाली, बरोबर आहे. लगेच स्वतःच म्हणाली, "थांबा." आणि हात ओला करून आली. "चिरताना हात कोरडा कुठे असतो?" ओल्या हातात मूठ फिरली. काटकोनांनी तिथं बोटांसाठी एक उथळ खाच घेतली, आणि खोलीत बऱ्याच वर्षांनी दोघं एका कामावर वाकलेली मी पाहिली. मी चहा न मागताच घरी आलो. असं माझ्याकडून सहसा होत नाही.

रविवारी मुलगा आला. डबेवाल्या बाईंचा नंबर खिशात घेऊनच आला होता. अक्कानं फळीवरून भोपळा काढला.

"आई, भोपळा कशाला? साधं काहीतरी घे."

"भोपळाच बघ. उद्या म्हणशील, कांदा काय कुणीही चिरतो."

पाटावर भोपळा ठेवून तिनं चाकू धरला. मागची दोन बोटं न मिटताच मुठीला टेकली. तळव्यानं वरून जोर दिला आणि पातं सालीत शिरलं, थांबलं. काटकोन खुर्चीतून अर्धे उठले. मीच सदरा धरून त्यांना खाली ओढलं. अक्कानं श्वास घेतला, मनगट जरा फिरवलं, आणि कडकन आवाज होऊन भोपळ्याची दोन भकलं झाली. ती पुढे चिरत राहिली. मधे एकदा चाकू ठेवून हात चोळला, आणि ते तिनं लपवलं नाही. पुन्हा धरला. आवाज सुरू झाला. पूर्वीसारखा नव्हे, जरा थांबून थांबून. पण अंदाज न चुकता.

"दे, उरलेला मी करतो," मुलगा म्हणाला. त्यानं चाकू घेतला, इकडे धरला, तिकडे धरला. "बाबा, ही काय मूठ आहे? हातात बसतच नाही."

"कुणाच्या हातात?" काटकोनांनी विचारलं.

मुलगा आईच्या हाताकडे बघत राहिला. मग चाकू उलटा धरून तिच्याकडे दिला, मूठ तिच्या बाजूला करून. डब्याचा विषय त्यानंच काढला, आणि त्यानंच मिटवला. "मोठा भोपळा बाबा फोडतील, एवढं तरी कबूल कर," म्हणाला. अक्कानं कबूल केलं. ती ते कितपत पाळते, ते मी लिहीत नाही. हे काटकोनही वाचतील.

चाकू ठेवायला त्यांनी नंतर एक लाकडी ठोकळा केला. चारी कोपरे नेमक्या काटकोनात, खाच अगदी मधोमध. वाकडी मूठ जड बाजूला झुकते आणि चाकू त्या सरळ ठोकळ्यात तिरपा उभा राहतो. काटकोन पाणी प्यायला येतात, तो सरळ करतात. पेला भरेपर्यंत तो पुन्हा तिरपा. परवा मी समोरच होतो. त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमचं ते घड्याळ चालतं का हो अजून?"

"चालतं की," मी म्हटलं.

"मग राहू द्या तसंच," ते म्हणाले, आणि पाणी प्यायले.